स्वतःचा पाय गेलाय, आता दुसऱ्यांचे पाय बनवायला शिकावं का?

भोसरीचा_फिटर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. वय २३, दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपला फिक्स्चर डिझाइन करतो. नाशिक फाट्याजवळ बाइकचा अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. आता कृत्रिम पायावर चालतो, कामावरही परत रुजू झालोय, त्यामुळे रडगाणं नाहीये.

पहिला पाय जिथे बसवला तिथे मी सांगत होतो की नडगीच्या टोकाला आणि बाहेरच्या बाजूच्या हाडाला टोचतंय, आणि समोरचे गृहस्थ म्हणत होते सुरुवातीला असंच असतं, सवय होईल. सवय काही झाली नाही, जखम मात्र झाली. मग दुसरीकडे गेलो. तिथल्या मॅडमनी आधी मला नुसतं चालायला लावलं, पॅरलल बारमध्ये, मग बाहेर, मग उतारावरून. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा कप, काढून कातडी कुठे लाल झालीय ते बघितलं, सॉकेटला दोन ठिकाणी हीट गन मारून जागा फुगवून दिली, आणि त्याच संध्याकाळी मी पिंपरी मार्केटमध्ये फिरून आलो. तेव्हापासून डोक्यात किडा घुसलाय की हे काम आपल्याला जमेल. फिक्स्चरमध्ये तरी काय असतं, वस्तू कुठे धरायची आणि कुठे अजिबात धरायची नाही एवढंच ना.

आई म्हणते विसरायचं सोडून जन्मभर तेच बघत बसणार का. मित्र म्हणतो तुझ्याइतकं कुणाला कळणार, डोळे झाकून जा. मला दोघांचंही पूर्ण पटत नाहीये. कुणी या लाइनमध्ये असेल किंवा कुणाचा अनुभव असेल तर लिहा.

टिळकरोड_टवाळ
माहिती शून्य, पण धागा खाली जाऊ नये म्हणून प्रतिसाद देतोय. होऊन जाऊ दे भावा.

पेठकर
तुझ्या आधी बरेच जण या वाटेने गेलेत रे. अमेरिकेत १८६१ साली जेम्स हँगर नावाचा पोरगा, वय वर्षं अठरा, यादवी युद्धात सुरुवातीलाच पाय गमावून बसला. मिळालेला लाकडी पाय धड चालेना म्हणून पिंपाच्या फळ्या तासून स्वतःच पाय बनवला, पुढे त्याचीच कंपनी झाली आणि ती आजही चालू आहे. नंतरचा वॅन फिलिप्स, १९७६ ला वॉटर स्कीइंग करताना पाय गेला. मिळालेला पाय आवडला नाही म्हणून नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत प्रोस्थेटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव बनवायची विद्या, शिकला आणि कार्बन फायबरचा फ्लेक्स-फूट काढला. पॅरालिम्पिकला धावपटूंच्या पायात जी वाकडी पाती दिसतात ना, ती त्याच्याच घराण्यातली. एमआयटीचा ह्यू हर तर दोन्ही पाय नसलेला गिर्यारोहक, १९८२ मध्ये हिमवादळात अडकून पाय गेले, आता बायोनिक घोटे बनवतो.

खडूस_पुणेकर
@पेठकर, तिघेही अमेरिकेतले. आमच्या भोसरीच्या पोराला पीएमपी बसच्या पायरीवर चढायचंय.

आणि फिटरसाहेब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पाय गेला म्हणून पायातलं कळतं हे मला मान्य नाही. तुम्हाला एका पायाचं कळतं, तुमच्या. मला पेशंट म्हणून शिकलेला, हात बसलेला आणि चुकलं तर कबूल करणारा माणूस हवा. त्याला स्वतःला किती पाय आहेत ते मी मोजणार नाही.

वानवडीचे_सुभेदार
खडूसराव, थोडं थांबा. अमेरिकेपर्यंत जायची गरजच नाही, आपल्या वानवडीत आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, फौजेचं, १९४४ सालचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले जखमी जवान यायला लागले तेव्हाचं. सिव्हिलियन लोकांनाही तिथे पाय मिळतो हे पुण्यात राहून कित्येकांना माहीत नसतं. माझा पाय लँडमाइनमध्ये गेला, पुढचं सगळं चालणं तिथे शिकलो.

फिटर, तुला अनुभवाची गोष्ट सांगतो. वॉर्डात डॉक्टर सांगायचे पालथं झोपा, मांडीखाली उशी घेऊ नका. आम्ही ऐकायचो आणि रात्री गुपचूप उशी घ्यायचो, कारण त्याने बरं वाटतं. मग शेजारच्या कॉटवरचा एक जुना हवालदार म्हणाला, घे उशी घे, मग सहा महिन्यांनी माझ्यासारखा वाकून चाल. त्याचा सांधा आखडला होता, पाय कितीही चांगला दिला तरी सरळ उभाच राहता येत नव्हतं. त्या दिवसापासून अख्ख्या वॉर्डाच्या उश्या गेल्या. तेच वाक्य डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं. तर माझं मत, जरूर शिक.

साधीसुधी
सुभेदारकाका +१.

मी मांडीतून पाय गेलेली, वय चाळीस पार, सहकारनगर. एक मुद्दा इथे कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. गुडघ्याच्या वरच्या पायाचं माप घेताना प्लास्टरची पट्टी पार जांघेपर्यंत गुंडाळतात, बसायचं हाड कुठे टेकतं ते हाताने चाचपून बघावं लागतं. माझ्या वेळी खोलीत सगळे पुरुष, वागायला सभ्य होते, तक्रार काहीच नाही, पण मी इतकी आखडून बसले होते की माप आखडलेल्या मांडीचं आलं. सॉकेट ढिलं का होतंय ते कुणाला कळेना. पुढच्या वेळी बाई होत्या, मी नीट बसले, गप्पा मारल्या, सॉकेट पहिल्या फटक्यात बसलं. त्या बाईंचे दोन्ही पाय धडधाकट होते हो. म्हणून म्हणते, समोरच्याला मोकळं वाटणं महत्त्वाचं. पाय गेलेला माणूस समोर असला की काहींना मोकळं वाटेल, आणि काहींना, मला सुरुवातीला वाटलं असतं तसं, भीतीही वाटेल की आपलंही आता कायमचं असंच.

मुलींनी या क्षेत्रात यायला हवं हे वेगळं सांगायला नकोच.

प्लास्टर_ऑफ_पुणे
उशिरा आलो, दिवसभर हात प्लास्टरमध्येच होते. मी बीपीओ आहे, म्हणजे बॅचलर ऑफ प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, पुण्यातच प्रॅक्टिस करतो. कॉल सेंटरवाले बीपीओ वेगळे, लग्न जमवताना मला हे फार समजवावं लागलं.

आधी कोरडी माहिती. कोर्स चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप. महाराष्ट्रातलं जुनं ठिकाण म्हणजे मुंबईला हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन, डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. बाहेर कोलकाता, कटकजवळचं ओलटपूर, दिल्ली इथे केंद्राच्या संस्था आहेत. पास झालं की रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, त्याचा १९९२ चा कायदा आहे, नोंदणी नसताना प्रॅक्टिस करणं गुन्हा आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित संस्थांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना किमान ५ टक्के जागा राखीव असतात. गुडघ्याखाली पाय गेलेला त्यात बसतोच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसशील तर उद्याच अर्ज कर.

आता अडचण. या डिग्रीला बारावी सायन्स लागते. तू दहावीनंतर डिप्लोमा केलास म्हणजे बारावी नाही. हे कुणी सांगत नाही आणि मुलं फॉर्म भरताना आपटतात.

अनुभवाबद्दल थोडं खडूसरावांच्या बाजूने बोलतो. तुझा पाय अपघातात गेलाय. तरुण कातडी, रक्तपुरवठा चांगला, टोचलं की लगेच कळतं. माझ्याकडे येणाऱ्यांत डायबेटिसने पाय गेलेले आजी-आजोबा भरपूर असतात. त्यांना टोचलेलं कळतच नाही, नसाच बधिर झालेल्या असतात. विचारलं की म्हणतात, छान बसलाय हो, काही दुखत नाही. आणि काढून बघावं तर रक्त. तिथे तू तुझ्या पायावरून अंदाज बांधलास, दुखत नाही म्हणजे चांगलं असं धरलंस, तर तू पहिल्या ठिकाणच्या त्या गृहस्थांसारखाच झालास. त्यांनी तुझं ऐकलं नाही, तू आजींचं फार ऐकलंस, जखम तीच.

म्हणून आम्ही डोळ्याने आणि बोटाने बघतो. माप घेताना स्टंपवर, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायावर, ओला पातळ मोजा चढवतो, त्यावर कॉपिंग पेन्सिलने हाडं आखतो. नडगीची धार, नडगीचं टोक, बाहेरच्या बाजूच्या हाडाचं डोकं, गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा. वर प्लास्टर गुंडाळलं की पेन्सिलीच्या जांभळ्या रेघा प्लास्टरच्या आत उमटतात, त्यात परत प्लास्टर ओतलं की त्याच रेघा साच्यावर येतात. मग वाटीखालच्या पट्ट्यावर साचा तासायचा, तिथे भार चालतो. हाडाच्या डोक्यावर उलट प्लास्टर चढवायचं म्हणजे सॉकेटमध्ये तिथे मोकळी जागा राहते. ट्रायलला सॉकेटच्या तळाशी मातीची छोटी गोळी टाकायची, पेशंटला उभं करायचं, काढून बघायचं. गोळी जशीच्या तशी राहिली तर टोक अधांतरी, पार पापड झाला तर टोकावर भार. आणि सॉकेट काढल्यावरचा लालपणा थोड्या वेळात गेला पाहिजे, राहिला तर काम बाकी आहे.

टिळकरोड_टवाळ
प्लास्टर ऑफ पुणे हा आयडी बघूनच प्रतिसाद सार्थकी लागला.

भोसरीचा_फिटर
@प्लास्टर, दादा मनापासून आभार. बारावीचं खरंच माहीत नव्हतं, एकदम गार पडलो. डायबेटिसचा मुद्दाही डोक्यात आला नव्हता.

एक विचारू का, आम्ही प्लांटमध्ये शतांश मिलिमीटर धरून काम करतो, तुम्ही साचा रास्पीने, म्हणजे खरखरीत कानशीने, घासून अंदाजाने कसं काय करता? स्कॅनर वापरत नाही का?

प्लास्टर_ऑफ_पुणे
स्कॅनर आहे, वापरतोही. पण तुझा जॉब सकाळी जेवढा असतो तेवढाच संध्याकाळी असतो. स्टंप नसतो. सकाळी सुजरा, दुपारी चालून चालून आटलेला, म्हणून तर मोजे वाढवावे लागतात. पहिल्या काही महिन्यांत तर इतका आटतो की सॉकेटच बदलावं लागतं. आणि मांस दाबलं की सरकतं, हाड सरकत नाही. कुठे किती दाबायचं हे स्कॅनर सांगत नाही, तो फक्त आहे तो आकार देतो. तासायचं कॉम्प्युटरवर की रास्पीने, हा पुढचा प्रश्न.

तुला मात्र अलाइनमेंट, म्हणजे सॉकेट आणि पावलाची जुळणी, पटकन कळेल. पाऊल सॉकेटच्या थोडं पुढे गेलं की गुडघा मागे ढकलला जातो, मागे आलं की गुडघा पुढे कोसळतो. काही मिलिमीटरचा खेळ असतो.

काकू_सातारारोड
अवांतर विचारते, चपलेचं काय करता तुम्ही लोक? आमच्या मिस्टरांचा पाय शुगरने गेला, आता घरात अनवाणी चाललं की मागे पडल्यासारखं होतं म्हणतात. मला वाटायचं नाटकं करतात.

वानवडीचे_सुभेदार
वहिनी, नाटक नाही. पाय ज्या बुटाच्या टाचेच्या उंचीला सेट केलेला असतो तीच उंची लागते. बूट काढला की टाच खाली जाते आणि माणूस मागे झुकतो. घरात घालायला तेवढ्याच टाचेची वेगळी चप्पल ठेवा. मागे पट्टा असलेली बघा, साधी स्लीपर निसटते, बोटांनी धरता येत नाही ना.

साधीसुधी
आणि कोल्हापुरी विसरा. अंगठा बहुतेक पावलांना सुटा नसतोच.

पेठकर
जयपूर फूटला बोटं असतात पण. तोही इतिहास भारी आहे, लिहू का?

खडूस_पुणेकर
नाही म्हटलं तर थांबणार आहात का.

पेठकर
नाही. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर, शालेय शिक्षण जेमतेम, आणि डॉ. प्रमोद करण सेठी या दोघांनी मिळून केला. परदेशी पाय बुटाशिवाय चालत नव्हते, त्यावर मांडी घालता यायची नाही, उकिडवं बसता यायचं नाही, चिखलात शेतात जाता यायचं नाही. यांनी रबराचा केला, टायरसारखा व्हल्कनाइझ करून, अनवाणी चालेल असा. सेठींना १९८१ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नर्तकी सुधा चंद्रन त्याच पायावर नाचली. मुद्दा हा, की शर्मांचे स्वतःचे पाय शाबूत होते. म्हणजे माझ्या पहिल्या प्रतिसादाच्या विरुद्ध उदाहरण मीच देतोय, खडूसरावांनी नोंद घ्यावी.

खडूस_पुणेकर
घेतली. तारखेसह फ्रेम करून लावतो.

साधीसुधी
मांडी घालण्यावरून आठवलं. भाचीच्या मुंजीत पंगतीला मला सगळ्यांनी मिळून खुर्चीवर बसवलं, टेबल लावलं, आणि मग अख्खी पंगत माझ्याकडे बघत जेवली. माझ्या गुडघ्याच्या वर फिरवायचा अडॅप्टर आहे, बटण दाबलं की पाय आडवा फिरतो, मी मजेत मांडी घालते. सांगेपर्यंत वरणभात वाढूनही झाला होता.

टिळकरोड_टवाळ
बटण दाबून मांडी? ताई मला दोन्ही पाय असून मांडी घालता येत नाही, पोट मध्ये येतं.

हडपसर_एक्सप्रेस
धागाकर्त्याला थोडं वेगळं सुचवतो. मी फिजिओ आहे, या पेशंटसोबत रोज काम असतं. भाऊ, तुझ्या आईचं म्हणणं उडवून लावू नकोस. आमच्याकडे अपघातात हात गेलेला एक मुलगा मदतनीस म्हणून आला होता, कामाला वाघ. पण ताजा अपघाताचा पेशंट आला की दिवसभर गप्प व्हायचा, नसलेला हात रात्री दुखायचा. फँटम पेन म्हणतात ते. त्यावर आरसा ठेवून व्यायाम करतात, डॉ. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात काढलेली पद्धत, धड हाताचं प्रतिबिंब बघून मेंदू थोडा शांत होतो. त्याला फायदा झाला, पण शेवटी तो ऑफिसच्या कामाकडे वळला आणि तिथे सुखात आहे. तुझं तसंच होईल असं नाही. पण चार वर्षं आणि पैसे घालायच्या आधी काही दिवस नुसता जाऊन बस.

प्लास्टर_ऑफ_पुणे
@हडपसर_एक्सप्रेस, हेच लिहायला आलो होतो. फिटर, तुला वर्कशॉपमधलं काम ओढतंय की पेशंटसमोर बसायचंय, हे आधी बघ. दोन्ही वेगळी कामं आहेत. लॅमिनेशन, रेझिन, घासकाम, जोडणी हे टेक्निशियन करतो आणि चांगला टेक्निशियन मिळायला मारामार आहे, तुझ्या डिप्लोमावर उद्या कुणीही घेईल. पेशंट तपासायचा, पाय ठरवायचा, बसवायचा तर डिग्री आणि नोंदणी पाहिजे. आणि शरीराचाही विचार कर, प्लास्टर रूममध्ये फरशी कायम ओली, दिवसभर उभं राहणं, भरलेले साचे उचलणं. तुझा स्टंप संध्याकाळी काय म्हणतो ते बघावं लागेल. व्यनि (खासगी निरोप) केलाय, शनिवारी ये. पेशंटची परवानगी घेऊन बसवतो.

भोसरीचा_फिटर
शनिवारी जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

सकाळी एक आजी होत्या बारामतीकडच्या, शुगरवाल्या. मला वाटलं माझा पाय दाखवला की त्यांना धीर येईल, म्हणून पँट वर करून दाखवला. आजींनी बघितला, बरं म्हणाल्या, आणि लगेच विचारलं लग्न झालंय का. झालं नाही म्हटल्यावर पाऊण तास भाच्याच्या मुलीचं स्थळ ऐकलं. प्लास्टर दादा भिंतीकडे तोंड करून हसत होते.

दुपारी एक शेतकरी काका, गुडघ्याखालचाच पाय, माझ्याच बाजूचा. चालताना म्हणत होते एकदम झकास आहे. मला मात्र दिसत होतं की ते पाय टाकायच्या आधी किंचित थांबतायत आणि खांदा त्या बाजूला टाकतायत, कारण हाडाला टोचत असताना मी अगदी तस्साच चालायचो. दादांच्याही ते लक्षात आलंच होतं, पण ते बोलले नाहीत, मलाच म्हणाले विचार त्यांना. मी विचारलं, काका बांधावरून उतरताना कसं वाटतं. तर काका म्हणाले, उतरतच नाही, लांबून वळसा घेतो. मग पाय काढला. हाडाच्या डोक्यावर लाल, खडूसरावांनी म्हटलं तसं माझ्या एका पायाचं ज्ञान, पण इथे उपयोगी पडलं. परत काका ट्रॉली लांब ठेवलीय म्हणून घाईत होते, लवकर पाय द्या म्हणून भांडत होते.

संध्याकाळी स्टंप सुजला होता हे खरं. दादांनी स्टुलावर बसून साचा तासायला दिला, ते बसून होतं. वर्कशॉप आवडलं, पण मन त्या काकांच्या चालण्यातच अडकलं होतं. म्हणजे पेशंटसमोर बसायचंय. नोकरी चालू ठेवून ओपन स्कूलमधून बारावी सायन्स देता येते का बघतोय. आईला अजून सांगितलेलं नाही, आजींच्या स्थळाचं तेवढं सांगितलं, त्यात तिला जास्त रस आहे.

वानवडीचे_सुभेदार
शाब्बास. आईला मी फोन करू का?

काकू_सातारारोड
मिस्टरांना पट्ट्याची चप्पल आणली. घरात धरून धरून चालणं बंद झालं. थँक्यू सुभेदारभाऊजी. @भोसरीचा_फिटर तुझं क्लिनिक सुरू झालं की पहिलं गिऱ्हाईक आम्ही.

हडपसर_एक्सप्रेस
ओपन स्कूलची बारावी चालते का आणि विषय कुठले लागतात ते त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकात वाचूनच फॉर्म भर, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. माझ्याही नाही.

भोसरीचा_फिटर
हो, माहितीपत्रकं डाउनलोड केलीत. कुणाकडे बारावी केमिस्ट्रीची जुनी पुस्तकं, नोट्स पडून असतील तर सांगा, येऊन घेऊन जाईन.

खडूस_पुणेकर
फुकट कशाला मागतोस, कमवता आहेस ना. अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीत जुनी मिळतील. गाडी नेऊ नकोस, पार्किंग मिळणार नाही. आणि दुकान दुसऱ्या मजल्यावर असेल तर फोन कर, मी शनिवार पेठेत राहतो, आणून देतो.

प्लास्टर_ऑफ_पुणे
ऑरगॅनिक ऑप्शनला टाकू नकोस. रेझिन आणि हार्डनर हातावर सांडलं की आठवेल.